हृदयरुग्णाच्या ताटातलं तेल आजच मोजा

चांदवडकरांनो, नवरात्र तोंडावर आलं आहे. रेणुकामातेच्या दर्शनाला गर्दी लोटेल, घरोघरी नऊ दिवसांचे उपवास धरले जातील, मागोमाग कोजागरी, मग दिवाळीचा फराळ, आणि तुळशीचं लग्न आटोपलं की लग्नसराई. पुढचे चार-पाच महिने गावातली कढई चुलीवरून खाली उतरणार नाही. थंडीही याच महिन्यांत पडते. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन वाढतं. हिवाळ्यात हार्ट अटॅकचं प्रमाण वाढतं, हे जगभरच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलेलं आहे. म्हणून ज्यांना एकदा अटॅक येऊन गेला, ज्यांच्या छातीत स्टेंट आहे, ज्यांची बायपास झाली, त्यांच्यासाठी हे आवाहन आजच करतो आहे, दिवाळी झाल्यावर नाही. आणि ते एकट्या रुग्णांसाठी नाही. त्यांना वाढणाऱ्या, आग्रह करणाऱ्या आणि त्यांच्यासाठी तळणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे. स्टेंट बसला म्हणजे नळी साफ झाली, आणि कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट चांगला आला म्हणजे खायला मोकळे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे गरीब घरातल्या माणसाचीही अँजिओप्लास्टी होऊ लागली, ही फार मोठी गोष्ट झाली. पण स्टेंट म्हणजे दोन-तीन सेंटिमीटरची जाळी. जिथे अडथळा होता तेवढीच जागा ती उघडते. हृदयाच्या बाकीच्या धमन्या काल होत्या तशाच आजही असतात, आणि त्यांत रोज काय वाहणार हे आपलं ताट ठरवतं.

ताटातलं तेल-तूप हृदयाला दोन वेगवेगळ्या वेगांनी इजा करतं. एक इजा वर्षानुवर्षं साचत जाते, दुसरी जेवणानंतरच्या काही तासांत होऊ शकते. पहिली आपल्याला माहीत आहे, तिचं नाव कोलेस्टेरॉल. दुसरीबद्दल आपण फारसं बोलतच नाही. ती म्हणजे रक्ताची गुठळी.

आधी पहिली. रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल नावाचे कण असतात. यकृताच्या पेशींवर हे कण पकडून आत ओढणारे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, असतात. ते शोधून त्यांचं काम उलगडल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. तूप, लोणी, साय, खोबरेल, पामतेल यांत संपृक्त चरबी जास्त असते. ती भरपूर खाल्ली की हे ग्राही कमी होतात, एलडीएल रक्तात फिरत राहतं, धमनीच्या अस्तराखाली शिरतं आणि तिथे थर धरतं. डालडा, म्हणजे वनस्पती तूप, त्याहून वाईट. त्यातली ट्रान्स चरबी एलडीएल वाढवते आणि उपयोगी एचडीएल घटवते. अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं एलडीएल ७० च्या खाली असावं असं डॉक्टर सांगतात, आता अनेकांना ५५ च्या खाली ठेवायला सांगतात. लॅबच्या कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ची मर्यादा निरोगी माणसाची असते, तुमची नाही, हे लक्षात घ्या.

आता दुसरी. धमनीतला थर हळूहळू वाढून शेवटी नळी बंद होते आणि अटॅक येतो, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तसं होत नाही. थरावरचं पातळ आवरण एखाद्या पिकलेल्या गळवासारखं अचानक फुटतं, आतला ऐवज रक्ताला लागतो आणि त्या जागी काही मिनिटांत रक्ताची गुठळी तयार होते. नळी बंद करते ती ही गुठळी. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१२ सालीच हे मांडलं होतं. पण ते डोळ्यांनी दिसलं १९८० साली. अमेरिकेत डीवूड आणि सहकाऱ्यांनी अटॅक आल्यापासून चार तासांच्या आत १२६ रुग्णांची अँजिओग्राफी केली. त्यांतल्या ११० जणांची धमनी पूर्ण बंद सापडली, आणि बंद करणारी होती ताजी गुठळी. म्हणून तर अटॅक आला की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात, आणि म्हणून तर स्टेंटनंतर ॲस्पिरिन चालू ठेवतात.

या गुठळीशी जेवणाचा संबंध काय? भरपूर तेलकट जेवणानंतर रक्तात चरबीचे कण दाटतात. त्या अवस्थेत रक्त गोठवणाऱ्या साखळीतला सातवा घटक, फॅक्टर सेव्हन, अधिक सक्रिय होतो. हे तूप खाल्लं तरी होतं आणि महागडं ‘हृदयाला चांगलं’ तेल खाल्लं तरी होतं. इथे मुख्य प्रश्न कोणत्या तेलाचा नाही, एका बैठकीत किती तेल पोटात गेलं याचा आहे. शिवाय अशा जेवणानंतर धमन्यांचं अस्तर काही काळ सैल व्हायचं विसरतं. १९९७ साली रॉबर्ट व्होगेल यांनी निरोगी माणसांना ५० ग्रॅम चरबी असलेली एकच न्याहारी दिली, तर चार तासांपर्यंत त्यांच्या धमन्यांची पसरण्याची क्षमता घटलेली आढळली. २००० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत मांडलेल्या एका पाहणीत, नेहमीपेक्षा फार जड जेवल्यानंतरच्या दोन तासांत अटॅकचा धोका सुमारे चौपट आढळला होता. ती पाहणी रुग्णांच्या आठवणीवर बेतलेली होती, तेव्हा चौपट हा आकडा दगडावरची रेघ मानू नका. पण दिशा स्पष्ट आहे.

पन्नास ग्रॅम चरबी म्हणजे किती? मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या कुठल्याही ढाब्यावर बसा आणि शेवभाजी मागवा. शेवेच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त निव्वळ तेल असतं. पन्नास ग्रॅम शेव घातली तर सतरा-अठरा ग्रॅम तेल तिथेच आलं. वर तर्रीचे दोन मोठे चमचे, म्हणजे आणखी पंचवीस-सव्वीस ग्रॅम. पापड तळलेला घेतला की पन्नासचा आकडा झाला, पोळीला लावलेलं तेल अजून धरलेलंच नाही. मिसळीचं गणित याहून फार वेगळं नाही. तुपात बुडवून काढलेल्या बट्ट्यांचं तर याहून जड आहे. निरोगी तरुण अशा जेवणातून निभावून जातो. ज्याच्या धमनीत फुटायला टेकलेला थर आहे, त्याच्यासाठी ते दोन-चार तास धोक्याचे असतात.

प्रमाण तासांचं गणित ठरवतं, प्रकार वर्षांचं. दोन्ही सांभाळावी लागतात. यातल्या प्रकाराच्या बाबतीत दोन अभ्यास मी सांगितलेच पाहिजेत, कारण त्यांतला एक आपल्या करडईच्या तेलाशी जोडलेला आहे.

सिडनीत १९६६ पासून १९७३ पर्यंत हृदयाचा त्रास होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांचा अभ्यास झाला. अर्ध्या गटाला लोणी-चरबी सोडून करडईचं तेल आणि त्यापासून केलेलं मार्गारिन खायला सांगितलं. त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं. सगळे खूश व्हायला हवे होते. पण २०१३ साली जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा दिसलं की कोलेस्टेरॉल उतरलेल्या गटातच मृत्यू जास्त होते: १७.६ टक्के, आणि दुसऱ्या गटात ११.८ टक्के. उलट फ्रान्समधल्या ल्याँ शहरात पहिला अटॅक येऊन गेलेल्या ६०५ रुग्णांवर प्रयोग झाला. त्यांतल्या एका गटाला भाज्या, फळं, डाळी, पाव जास्त आणि मांस-लोणी कमी असा आहार दिला, सोबत ओमेगा-३ गटातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल वाढवलेलं मार्गारिन. दोन्ही गटांचं कोलेस्टेरॉल जवळपास सारखंच राहिलं, तरी नवा आहार घेणाऱ्यांत पुन्हा अटॅक येण्याचं आणि मरण्याचं प्रमाण खूप खाली आलं. १९९४ साली ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले.

यावरून करडई विष आहे असं कुणी समजू नये. सिडनीतल्या त्या काळच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स चरबी असण्याची शक्यता आहे, आणि इतर अनेक अभ्यासांत संपृक्त चरबीऐवजी वनस्पती तेल घेतल्याने फायदाच दिसला आहे. मी यातून एवढंच घेतो की फक्त कोलेस्टेरॉलच्या आकड्यावर डोळा ठेवून तेल निवडणं पुरेसं नाही. करडई, सूर्यफूल, सोयाबीन, मका यांत ओमेगा-६ भरपूर असतं. ते शरीराला लागतं, पण सोबत ओमेगा-३ नसेल तर तोल जातो. रक्तातल्या प्लेटलेट म्हणजे चिकटून गुठळी करणाऱ्या चकत्या. त्या थ्रोम्बोक्सेन नावाचं रसायन सोडतात आणि एकमेकींना बोलावतात. हे रसायन ओमेगा-६ पासून तयार होतं. ॲस्पिरिन त्याचीच निर्मिती रोखते. ओमेगा-३ पासून बनणारं भावंड मात्र फार दुबळं असतं, गुठळीला तेवढं बळ देत नाही. ग्रीनलंडच्या मासे खाणाऱ्या इन्युइट लोकांचं रक्त सावकाश गोठतं, याचा उलगडा बँग आणि डायरबर्ग या डॅनिश डॉक्टरांनी १९७० च्या दशकात याच वाटेने केला.

आपल्याकडे हे ओमेगा-३ कुठून आणायचं? जवसातून. आपल्या आज्या जवसाची चटणी करायच्या आणि भाकरीवर घालून द्यायच्या. तीच आता पाट्यावर नाही तर मिक्सरमध्ये करून परत आणा. जवस मंद भाजून दळायचे, कारण अख्खे दाणे न पचताच बाहेर पडतात. एक मोठा चमचा दळलेल्या जवसातून सुमारे दीड ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळतं. चटणीत मीठ मात्र बेताचं. जैन आणि इतर शाकाहारी घरांसाठी याहून सोपी आणि स्वस्त वाट नाही. जे मासे खातात त्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली घ्यावी, पण रश्शात, तळून नाही. वेल्समध्ये १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अटॅक येऊन गेलेल्या दोन हजारांवर पुरुषांपैकी ज्यांना आठवड्यातून दोनदा असे तेलकट मासे खायला सांगितले, त्यांच्यातले मृत्यू दोन वर्षांत २९ टक्क्यांनी कमी भरले. फिश ऑइलच्या कॅप्सूल मात्र कुणी सांगितल्या म्हणून आपल्या मनाने आणू नका. मोठ्या मात्रेत त्यांच्यामुळे हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका वाढतो.

आणि तेल मोजा. हे आवाहन वाचून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. हृदयरुग्णाला दिवसाला वरून वापरायचं तेल-तूप मिळून वीस ते पंचवीस ग्रॅम, म्हणजे चार-पाच छोटे चमचे, पुष्कळ झालं. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन किलोच्या आत सगळा स्वयंपाक व्हायला हवा. महिन्याच्या एक तारखेला किराणा आणताना घरात किती आलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. पाच किलो येत असेल तर दोन किलो कुणाच्या तरी धमन्यांत जातंय. स्वयंपाकघर फक्त बायकांचं नाही. ज्याला अटॅक आला त्याने स्वतः चमचा हातात घ्यावा.

शेंगदाण्याचं, मोहरीचं, करडईचं तेल आलटून पालटून वापरलं तरी चालेल. लाकडी घाण्याचं तेल हल्ली मोठ्या श्रद्धेने घेतलं जातं. त्याचा वास आणि चव चांगली असते हे खरं, पण एका ग्रॅमला नऊ कॅलरी त्यातही तेवढ्याच, आणि जेवणानंतरचं रक्त त्यानेही तितकंच दाटतं. पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं पाहून भुलू नका. कुठल्याच वनस्पती तेलात सांगण्यासारखं कोलेस्टेरॉल नसतं, पामतेलातही नसतं. पण पामतेलातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते आणि ती शरीरात जाऊन एलडीएल वाढवते. फरसाण, बिस्किटं, खारी, टोस्ट यांच्या पुड्यामागचं बारीक अक्षर वाचा. तिथे पाम किंवा पामोलीन सापडेल.

तुपाबद्दल बोललं की माणसं दुखावतात. पूजेचं, प्रेमाचं, बाळंतिणीचं तूप. ‘आमचा आजा वाटीभर तूप प्यायचा आणि नव्वद वर्षं जगला,’ असं प्रत्येक घरात ऐकू येतं. तो आजा पहाटे औतामागे निघायचा आणि दिवस मावळता परत यायचा. त्याच्या भावकीतले जे पन्नाशीत शेताच्या बांधावर बसल्या जागी गेले, त्यांच्या मरणाला कुणी नाव दिलं नाही. आज ज्याच्या धमनीत थर आहे हे कळलं आहे, त्याने एका छोट्या चमच्यावर थांबावं. दोन मोठे चमचे तूप, म्हणजे तीस ग्रॅम, यात अठरा ग्रॅमच्या आसपास संपृक्त चरबी असते. हृदयरुग्णाने दिवसभरात सगळ्या पदार्थांतून मिळून बारा-चौदा ग्रॅमच्या वर जाऊ नये.

हॉटेल, ढाबा आणि वडापावच्या गाड्यांच्या मालकांना हात जोडून सांगणं आहे. तेच तेल दिवसभर, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी उकळत ठेवू नका. पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलात घातक संयुगं साचतात. अशा संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून मनाई केली आहे. तेल-तुपातल्या ट्रान्स चरबीची मर्यादाही जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली आहे. तेल काळपट झालं, फेसाळलं, दाट झालं, लवकर धूर सोडू लागलं की ते बाजूला काढा. नव्या तेलात जुनं मिसळू नका. तुमच्या बाकड्यावर बसणारा ट्रकचालक, कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन बाजार समितीत आलेला शेतकरी, कॉलेजचं पोर, यांतल्या कुणाच्या छातीत काय आहे हे तुम्हाला दिसत नाही. गिऱ्हाइकाने ‘तर्री कमी’ म्हटलं तर ते खुशीने ऐका. आणि गिऱ्हाइकांनो, ते म्हणायला लाजू नका.

उपवासाचं वेगळं सांगतो. साबुदाण्याची तुपातली खिचडी, तळलेले बटाट्याचे पापड, वेफर, साबुदाणा वडे असा उपवास हृदयरुग्णाला रोजच्या जेवणापेक्षा जड जातो. भगर, राजगिरा, ताक, फळं, मूठभर भाजलेले शेंगदाणे यांवर देवी रागावणार नाही. उपवासात गोळ्या मात्र एकही दिवस चुकवायच्या नाहीत.

कारण सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. पथ्य गोळ्यांच्या जागी येत नाही. चांगल्या आहाराने एलडीएल दहा-पंधरा टक्के उतरतं, स्टॅटिन गटातल्या गोळीने तीस ते पन्नास टक्के. ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर ही गोळी स्टेंटच्या जाळीवर गुठळी धरू देत नाही. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून, दात काढायचा म्हणून किंवा पैसे संपले म्हणून ती मनाने बंद केली तर स्टेंट अचानक बंद होऊ शकतो, आणि तो अटॅक फार वाईट असतो. दात काढण्याआधी डॉक्टरला विचारा. पैसे नसतील तर आधी सरकारी दवाखान्यात विचारा. मोबाईलवर फिरणारा लसूण-आलं-लिंबाचा काढा ‘ब्लॉकेज विरघळवतो’ म्हणून गोळ्या सोडणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: लसूण भाजीत खा, गोळी पाण्याबरोबर घ्या. असा निरोप पुढे पाठवणारा माणूस कुणाच्या तरी जिवाशी खेळतो आहे.

ज्यांना धातूची झडप बसवली आहे आणि जे वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम घेतात, त्यांची गोष्ट थोडी वेगळी. मेथी, पालक, शेपू यांतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करतं. पालेभाजी बंद करू नका, पण महिनाभर अजिबात नाही आणि मग स्वस्त झाली म्हणून रोज जुडी, असंही करू नका. प्रमाण सारखं ठेवा आणि आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी करत राहा. जवस रोज खायला सुरुवात करण्याआधीही या मंडळींनी डॉक्टरला सांगावं.

हे जमतं का, असं विचाराल. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय बंग यांना ऐन चाळिशीत हृदयरोगाने गाठलं. त्यांनी आपलं खाणं, चालणं, मनाची घडी सगळं बदललं आणि त्याची हकीकत ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात लिहिली. गावच्या वाचनालयात ते मागा. चाळिशीचं वय वाचून दचकू नका. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या अटॅकचं वय ५३ च्या आसपास भरलं, इतरांचं ५९ च्या. आपल्याला सहा वर्षं आधीच गाठलं जातं.

म्हणून वडनेरभैरव, वडाळीभोई, धोडंबे, दुगाव, काजीसांगवी, सगळ्या गावांना सांगणं आहे. लग्नाच्या पंगतीत साधं वरण, बिनतळलेली भाजी आणि ताक यांची एक ओळ ठेवा आणि ती आचाऱ्याला आधीच सांगा. मंडळांनी प्रसादाला डालडा वापरू नये. पाहुण्याने ‘नको’ म्हटलं की एकदाच विचारा, दुसऱ्यांदा वाढू नका. आशाताई घरी आल्या की तिशीपुढच्या प्रत्येकाने रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी.

चांदवडहून नाशिक ६५ किलोमीटरच्या आसपास आहे. अँजिओप्लास्टी करणारी मोठी हॉस्पिटलं मुख्यतः तिकडे, आणि बंद धमनीमागचा हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. छातीत दाबल्यासारखं दुखलं, दुखणं डाव्या हातात, जबड्यात, पाठीत गेलं, दरदरून घाम फुटला, बायकांना किंवा मधुमेह असलेल्यांना दुखण्याशिवाय नुसताच दम लागला, गळून गेल्यासारखं झालं, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणत सोडा पीत बसू नका. सकाळची वाट पाहू नका. मोटारसायकल चालवत जाऊ नका. लगेच १०८ ला फोन करा, जवळच्या सरकारी रुग्णालयात ईसीजी काढून घ्या, आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. ती चिठ्ठी आज रात्रीच लिहून पाकिटात ठेवा.